हरवलेल्या लढाऊ विमानाचा माग कसा काढावा

बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात एक जुने विमान कित्येक वर्षे उभे होते. १९४७ मध्ये ते इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवण्यासाठी विद्यापीठाला मिळाले. मुले शिकून गेली, अभ्यासक्रम बदलले, विमान उन्हापावसात तिथेच राहिले. १९८२ मध्ये पीटर व्हॅचर हे इंग्रज गृहस्थ जुन्या रोल्स-रॉइस मोटारींच्या शोधात भारतात फिरत होते, तेव्हा ते त्यांच्या नजरेस पडले. हे हॉकर हरिकेन जातीचे लढाऊ विमान आहे, एवढे जाणकाराला लांबूनच कळते. पण हरिकेन जगात सुमारे १४,५०० बनली. त्यातले हे कोणते?

उत्तर एका नंबरात होते: आर४११८. तो नंबर हाताशी धरून कागद उलगडले, तेव्हा कळले की १९४० साली ब्रिटनच्या आकाशात जी लढाई झाली तिच्यात हे विमान ब्रिटिश हवाई दलाच्या ६०५ स्क्वाड्रनकडे, म्हणजे त्या क्रमांकाच्या विमानतुकडीकडे, होते. लंडनजवळच्या क्रॉयडनच्या तळावरून ते ४९ मोहिमांवर गेले आणि शत्रूची पाच विमाने त्याच्या खात्यावर लागली. पुढे दुरुस्ती, दुसरी स्क्वाड्रन, मग प्रशिक्षणाचे तळ. १९४३ च्या डिसेंबरात खोक्यात घालून त्याची भारतात रवानगी झाली, तीसुद्धा उडण्यासाठी नव्हे, तंत्रज्ञांना शिकवण्यासाठी. २००१ मध्ये ते इंग्लंडला परत गेले आणि २३ डिसेंबर २००४ रोजी पुन्हा उडाले.

मला या कामाची ओढ लागली ती याच विमानामुळे. आर४११८ कुठे गाडले गेले नव्हते की समुद्रात बुडाले नव्हते. रोज माणसे त्याच्या शेजारून जात होती. तरी ते हरवलेले होते, कारण विमान एका देशात आणि त्याची हकिकत दुसऱ्या देशातल्या कपाटात, अशी त्यांची ताटातूट झाली होती. ही गाठ परत कशी घालायची, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी इथे क्रमाने लिहितो. उदाहरणे बहुतेक ब्रिटिश विमानांची आहेत. भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जी विमाने लढली त्यांतली बरीच ब्रिटिश बनावटीची होती, आणि त्यांचे कागद आज सामान्य माणसालाही पाहता येतात.

पहिली पायरी: नंबर पक्का करा

लढाऊ विमानाच्या अंगावर दोन प्रकारची अक्षरे असतात आणि नवखा माणूस हमखास चुकीच्या अक्षरांमागे जातो. धडावर मोठाल्या अक्षरांत रंगवलेला असतो तो स्क्वाड्रनचा संकेत. आर४११८ वर 'यूपी-डब्ल्यू' होते. त्यातले यूपी हे ६०५ स्क्वाड्रनचे आणि डब्ल्यू त्या विमानाचे. पण विमान पडले की तेच अक्षर दुसऱ्या दिवशी नव्या विमानावर चढायचे. एकाच वर्षात एका स्क्वाड्रनमध्ये दोन-तीन 'डब्ल्यू' होऊन गेलेले सापडतात. शेपटीजवळ लहान अक्षरांत लिहिलेला अनुक्रमांक मात्र एका विमानाचा एकच. शोध घ्यायचा तो त्याचा.

रंग उडून गेला असेल तर काय? मग सुट्या भागांकडे वळायचे. कारखान्यात जवळजवळ प्रत्येक भागावर आराखड्याचा क्रमांक आणि तपासनिसाचा छोटा शिक्का मारत. स्पिटफायर या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या भागांवर ३०० ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर तो भाग मुळात मार्क १, म्हणजे पहिल्या आवृत्तीसाठी आखलेला. मात्र जुन्या आराखड्याचे भाग पुढच्या मार्कांतही वापरले जात, म्हणून एका भागावरून विमानाचा मार्क ठरवू नका. ३४९ म्हणजे मार्क ५, ३६१ म्हणजे मार्क ९ चा काळ. दहा-वीस भाग जमवा, त्यातला सर्वांत उशिराचा क्रमांक पाहा. तो दुरुस्तीत नंतर बसवलेला नसेल तर विमान त्याच्या आधीचे असू शकत नाही. इंजिनाचा स्वतंत्र नंबर असतो आणि तो अनेकदा अपघाताच्या कागदांत नोंदलेला सापडतो. अवशेषांची ओळख पटवायला कधी कधी तेवढा एकच धागा उरतो, म्हणून इंजिनावरची पाटी दिसली की आधी तिचा स्वच्छ फोटो घ्या.

दुसरी पायरी: बखर आणि दप्तर वेगळे ठेवा

आपल्याकडे इतिहासाच्या वाचकाला बखर आणि दप्तर यांतला फरक सांगावा लागत नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून मूळ कागद गोळा केले ते याचसाठी. बखर खोटीच असते असे नाही. पण ती नंतर, आठवणीतून आणि कोणाला तरी आवडावी म्हणून लिहिलेली असते. विमानांच्या बाबतीतही दोन्ही असतात. गावातल्या आजोबांची आठवण, निवृत्त सैनिकाने सांगितलेला किस्सा, कुठल्या तरी मासिकातला लेख ही बखर. तळावर त्याच दिवशी लिहिलेली नोंद हे दप्तर.

फक्त बखरीवर विसंबल्याने काय होते, याचे मोठे उदाहरण ब्रह्मदेशातले आहे. युद्ध संपताना ब्रिटिशांनी खोक्यांत बंद नवीकोरी स्पिटफायर विमाने रंगूनजवळच्या मिंगलाडॉनच्या तळावर पुरली, अशी कथा अनेक वर्षे फिरत होती. साक्षीदार होते, जमिनीखाली काहीतरी असल्याचे दाखवणारे यंत्रांचे आलेख होते, दोन देशांच्या सरकारांचा आशीर्वादही होता. २०१३ च्या जानेवारीत रंगूनच्या विमानतळावर प्रत्यक्ष खणले. एकही स्पिटफायर निघाले नाही. त्या मोहिमेतल्या पुरातत्त्वज्ञांनी कागद तपासले, तर पुरल्याची एक ओळही मिळाली नाही. खणण्याआधी कागदांवर आणखी सहा महिने घालवले असते तर बराच पैसा आणि काही चांगल्या माणसांचा मनस्ताप वाचला असता, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईकरांसाठी घरचे उदाहरण. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला. हे जहाज इंग्लंडहून निघाले तेव्हा त्यावर दारूगोळा आणि सोन्याबरोबर खोक्यांत बंद स्पिटफायरही होती, हे अनेकांनी वाचलेले असते. त्यावरून गोदीच्या गाळात स्पिटफायर असणारच, असा अंदाज सहज बांधला जातो. पण जहाज मुंबईआधी कराचीला लागले होते. तिथे माल उतरला आणि मोकळ्या झालेल्या जागेत कापसाच्या गासड्या चढल्या. तेव्हा पहिला प्रश्न गाळाचा नाही, कराचीच्या धक्क्यावर काय उतरवले त्या यादीचा आहे. प्रश्न असा मागे-मागे नेता येऊ लागला की तुम्ही या कामात रुळलात.

तिसरी पायरी: कागद कुठले, आणि ते वाचायचे कसे

ब्रिटिश हवाई दलाच्या प्रत्येक विमानाचे एक कार्ड असे, त्याला फॉर्म ७८ म्हणतात. विमान कारखान्यातून कधी निघाले, कुठल्या डेपोत गेले, कुठल्या स्क्वाड्रनला मिळाले, शेवटी काय झाले, हे सगळे त्यावर आखूड खुणांत असते. एमयू म्हणजे दुरुस्ती आणि साठवणीचा डेपो, एफए म्हणजे उड्डाणातला अपघात, एफबी म्हणजे लढाईत झालेले नुकसान, एसओसी म्हणजे विमान यादीतून कमी केले. अपघाताचे वेगळे कार्ड असे, तो फॉर्म ११८०. या कार्डांसाठी लंडनच्या हेंडन भागातल्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियमशी पत्रव्यवहार करावा लागतो. तुमच्याकडे अनुक्रमांक असेल तर उत्तर मिळते. 'आमच्या गावात पडलेले विमान' एवढ्यावर मिळत नाही.

कार्डावरची तारीख ही बहुधा घटनेची नसते, कचेरीत नोंद झाल्याची असते. दोन-चार दिवसांचा फरक नेहमीचा. शिवाय विमान समुद्रापार गेले की कार्ड एकदम मुके होते. बोटीचे नाव, बंदर, पोहोचल्याची तारीख, आणि मग वर्ष-दीड वर्षाने थेट 'एसओसी'. मधल्या काळात ते विमान इंफाळला लढले की कोठारात पडून राहिले, हे कार्ड सांगत नाही.

ते सांगते स्क्वाड्रनची रोजनिशी. तिचे दोन भाग: फॉर्म ५४० मध्ये दिवसाचा गोषवारा, फॉर्म ५४१ मध्ये प्रत्येक उड्डाणाची ओळ. त्या ओळीत विमानाचा नंबर, वैमानिकाचे नाव, वर गेल्याची आणि उतरल्याची वेळ असते. लंडनच्या क्यू भागातल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात स्क्वाड्रनच्या रोजनिशा 'एआयआर २७' या मालिकेत आहेत, तळांच्या 'एआयआर २८' मध्ये, इतर तुकड्यांच्या 'एआयआर २९' मध्ये. वैमानिकांनी लढाईनंतर भरलेले अहवाल 'एआयआर ५०' मध्ये, आणि जखमी-मृत-बेपत्ता झालेल्यांच्या फायली 'एआयआर ८१' मध्ये. यातले बरेच कागद स्कॅन झालेले आहेत आणि पुण्यात किंवा सांगलीत बसून उतरवून घेता येतात. आर४११८ च्या ४९ मोहिमांचा हिशेब अशा ओळींमधूनच लागतो. एकेका ओळीवर बोट ठेवून बॉब फॉस्टर यांच्यासारख्या वैमानिकांची नावे त्या विमानासमोर लावता येतात, आणि कोरडा नंबर माणसांनी भरू लागतो.

अमेरिकन विमान असेल तर बेपत्ता विमानांसाठी भरलेला स्वतंत्र अहवाल असे. त्यात विमानाच्या आणि इंजिनांच्या नंबरांसोबत मशिनगनचेही नंबर असतात. ओळख पटवायला याहून चांगला कागद नाही. जर्मन बाजूच्या नोंदी फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात आहेत.

आता वेळेचे बोलतो, कारण इथे चांगले-चांगले घसरतात. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मनांचे घड्याळ ब्रिटिशांपेक्षा एक तास पुढे होते. जर्मन अहवालातली पाच वाजताची चकमक ब्रिटिश रोजनिशीत चार वाजता शोधावी लागते. १९४१ पासून ब्रिटनने उन्हाळ्यात दोन तास पुढची वेळ लावली, की हा फरक पुन्हा बदलला. भारतातला गुंता याहून मोठा. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात युद्धामुळे भारताचे घड्याळ एक तास पुढे, म्हणजे ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे होते. त्यातच मुंबईची स्वतःची 'बॉम्बे टाइम' होती, नेहमीच्या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे, आणि शहरात ती युद्धानंतरही वापरात होती. तेव्हा प्रत्येक नोंदीपुढे ती कुठल्या घड्याळाची आहे हे लिहा. नसेल माहीत तर प्रश्नचिन्ह टाका. मी तक्त्यात दोन रकाने ठेवतो: कागदावर लिहिलेली वेळ एकात, ग्रिनिच वेळ दुसऱ्यात. पहिल्या रकान्यात कधीही खाडाखोड करत नाही.

रोजनिशीसुद्धा देववाणी नाही. ती लिहिणारा कारकून थकलेला असे, कधी महिनाअखेरीस एकदम लिहून काढी, नंबरातले दोन अंक उलटेपालटे होत. एकाच दिवशी एकच विमान दोन वैमानिकांच्या नावावर एकाच वेळी हवेत दिसले, तर एक नोंद चुकलेली आहे. अशा वेळी वैमानिकाची स्वतःची उड्डाणवही कामी येते. ती बहुधा कुटुंबाकडे असते. कुटुंबाला पहिल्या पत्रात वस्तू मागू नका. तुम्हाला जे सापडले आहे ते आधी त्यांना पाठवा.

फोटोंबद्दल

जुन्या कृष्णधवल फोटोवरून रंग ओळखताना फार जपा. त्या काळातल्या काही फिल्मवर तांबडा जवळजवळ काळा उमटे आणि निळा फिकट. त्यामुळे ब्रिटिश विमानांवरच्या वर्तुळाकार खुणेतला मधला ठिपका काळा दिसला म्हणून तो काळा नसतो. खुणेवरून काळ मात्र चांगला ठरवता येतो. पूर्वेकडच्या आघाडीवर जपानी विमानांच्या तांबड्या गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून ब्रिटिश आणि भारतीय विमानांच्या खुणेतला तांबडा काढून टाकला. उरले गडद आणि फिकट निळे. इंग्लंडमध्ये १९४० च्या जूनमध्ये लढाऊ विमानांच्या पोटाचा अर्धा काळा अर्धा पांढरा रंग जाऊन फिकट हिरवट 'स्काय' रंग आला. एवढ्या दोन गोष्टी पाठ असल्या तरी तारीख नसलेले कितीतरी फोटो आपापल्या वर्षात जाऊन बसतात.

चौथी पायरी: जागेवर जाण्याआधी परवानगी, आणि त्याही आधी वैमानिक

विमान कोसळलेली जागा ही कदाचित एखाद्याची समाधी आहे, हे डोक्यातून क्षणभरही जाऊ देऊ नका. कागदांतून पहिले शोधायचे ते हेच: वैमानिक हवाई छत्रीने (पॅराशूटने) उतरला का, त्याचे शव मिळाले का, कबर कुठे आहे. राष्ट्रकुलाच्या युद्धस्मशानांची नोंद सर्वांना पाहता येते. बेपत्ता असेल तर जागेला हात न लावता संबंधित देशाच्या अधिकाऱ्यांना कळवायचे. अरुणाचलच्या डोंगरांत चीनकडे रसद नेणारी अनेक अमेरिकन विमाने पडली आणि तिथल्या माणसांचे अवशेष शोधून घरी नेण्याचे काम आजही चालते. एखाद्या हौशी माणसाने आठवण म्हणून उचललेले बटण त्या कामातला महत्त्वाचा पुरावा असू शकते.

२०१२ मध्ये इजिप्तच्या वाळवंटात किटीहॉक जातीचे एक लढाऊ विमान जवळजवळ अखंड सापडले, नंबर ईटी५७४. २८ जून १९४२ रोजी फ्लाइट सार्जंट डेनिस कॉपिंग ते घेऊन निघाले होते आणि वाट चुकले. विमानाशेजारी छत्रीचे कापड होते. उतरल्यावर ते जिवंत होते, सावली करून बसले होते, एवढे त्यावरून दिसत होते. विमान सापडल्याची बातमी पसरली आणि सुटे भाग नाहीसे होऊ लागले. ज्या वस्तूंवरून त्या माणसाचे शेवटचे दिवस समजले असते त्याच आधी हलल्या. म्हणून सांगतो, जागा सापडली तर नकाशा जाहीर करू नका. पहिल्या आनंदात तर अजिबात नाही.

ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने सैनिकी विमानांचे सगळे अवशेष आपोआप संरक्षित आहेत. संरक्षण मंत्रालयाचा परवाना नसताना खणणे हा गुन्हा आहे, आणि मानवी अवशेष किंवा न फुटलेला दारूगोळा असण्याची शक्यता असेल तर परवाना मिळत नाही. भारतात तीन दारे ठोठवावी लागतात: जमीन ज्याची त्याचे, स्थानिक प्रशासनाचे, आणि विमान व वैमानिक ज्या देशाचे त्या देशाचे. वेळ लागतो. आर४११८ दिसले १९८२ मध्ये आणि बोटीवर चढले २००१ मध्ये; मधली काही वर्षे परवानग्यांत गेली. व्हॅचर यांनी तो धीर धरला म्हणून ते विमान आज सगळ्या कागदांनिशी, कोणालाही मान वर करून सांगता येईल अशा रीतीने उडते.

पाचवी पायरी: आधी पंचनामा, मग उचलाउचल

परवानगी मिळाल्यावरही फावडे शेवटी. जागेवर दोरीने चौकटी आखा, प्रत्येक चौकटीला नाव द्या. सापडलेली वस्तू जागेवरून हलवण्याआधी शेजारी पट्टी ठेवून फोटो, मग चौकट, खोली, दिशा यांची नोंद, मग पिशवी आणि पिशवीवर क्रमांक. विमान कोणत्या कोनात आदळले, इंजिन सुरू होते की बंद, याची उत्तरे भाग कुठे पडले यातच असतात. पंख्याची पाती पुढे वाकलेली की मागे, ही साधी वाटणारी नोंद आदळताना इंजिनात किती जोर होता ते सांगू शकते. भाग एकदा टेम्पोत टाकले की ही माहिती कायमची गेली.

गोळ्या, काडतुसे, ऑक्सिजनच्या टाक्या दिसल्या तर हात मागे घ्या आणि पोलिसांना बोलवा. ऐंशी वर्षांनी त्या निरुपद्रवी झालेल्या नसतात. आणखी एक धोका दिसत नाही: अंधारात चमकणाऱ्या काटे-आकड्यांच्या तबकड्या. त्यांच्या रंगात रेडियम असे. चमक केव्हाच गेलेली असते, किरणोत्सर्ग गेलेला नसतो. काच फुटलेली तबकडी पुसू नका, उघडू नका, घरात ठेवू नका.

माती काढताना जोराच्या पाण्याचा फवारा मारण्याचा मोह होतो. तो टाळा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर रंगाचे जे चार पोपडे उरलेले असतात त्यांत एकावर एक रंगांचे थर असतात, आणि विमान किती वेळा नव्याने रंगवले ते त्या थरांवरून वाचता येते. मऊ कुंचला, साधे पाणी, सावलीत वाळवणे. समुद्रातून आलेला भाग असेल तर तो वाळू देऊच नका. आतले मीठ हवेला लागले की धातू डोळ्यांदेखत भुकटी होऊ लागतो. गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा आणि संवर्धनाच्या जाणकाराला गाठा.

सहावी पायरी: नेमके काय उभारायचे

इथे माणसे मनाने फार पुढे धावतात, म्हणून थोडे कठोर लिहितो. पुन्हा उडणारे विमान हे एका माणसाच्या हौसेचे काम नाही. १९४० मध्ये कॅलेच्या किनाऱ्यावर उतरलेले स्पिटफायर पी९३७४ चाळीस वर्षांनी वाळूतून वर आले. ते २०११ मध्ये उडाले आणि २०१५ मध्ये लिलावात त्याला एकतीस लाख पौंडांच्या आसपास किंमत आली, यावरून खर्चाचा अंदाज यावा. ग्रीनलंडच्या बर्फाखाली २६८ फुटांवरून पी-३८ जातीचे एक विमान १९९२ मध्ये वर काढले, पण ते उडायला २००२ उजाडले, कारण बर्फाच्या दाबाने ते आतून चिरडलेले होते.

उडवायचे तर जुना पत्रा बहुतेक वापरता येत नाही. धातू थकलेला असतो, जोडांत गंज शिरलेला असतो, आणि प्रत्येक नव्या भागाच्या धातूचा दाखला हवाई सुरक्षेच्या अधिकाऱ्यांना दाखवावा लागतो. मग प्रश्न येतो की मूळ विमान उरले किती? माझ्या मते याचे प्रामाणिक उत्तर एकच: कुठला भाग मूळ, कुठला दुसऱ्या विमानातला, कुठला नवा, याची यादी उघडपणे ठेवा. आर४११८ चे मोल यातच आहे. ते शिकवणीसाठी आले, मोडतोडीतून वाचले, त्यामुळे त्याचा मूळ ऐवज पुष्कळ टिकून होता.

नवख्याने कॉकपिटचा एखादा भाग, एखादी तबकड्यांची पाटी, किंवा संगणकावर संपूर्ण विमान उभारावे. संगणकावरचे काम कमी प्रतीचे समजू नका. मोजमापे खरी असतील तर तो आराखडा पुढे कोणाच्या तरी खऱ्या पंखाला उपयोगी पडतो.

शिकायला हरिकेनसारखे विमान नाही. स्पिटफायरचे धड म्हणजे ताण पेलणाऱ्या पत्र्याचे कवच. त्यासाठी साचे लागतात. हरिकेनचे धड पोलादी आणि ड्युरॅल्युमिनच्या (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या) नळ्यांचे. नळीची टोके चौकोनी करून दोन बाजूंना पट्ट्या, मधून बोल्ट; वितळजोड (वेल्डिंग) नाही. त्यावर लाकडी कमानी आणि पट्ट्या, त्यावर लिननचे कापड, आणि कापड ताठ करणाऱ्या डोप नावाच्या लेपाचे हात. ज्याने लहानपणी पतंग बांधला असेल त्याला मागचा अर्धा भाग पाहताक्षणी समजतो. अवघड आहे तो पंखाच्या मधल्या भागाचा कणा. तो उच्च ताणाच्या पोलादी पट्ट्या बहुकोनी आकारात गुंडाळून केलेला असतो. ती गुंडाळणी पुन्हा जमवण्यासाठी इंग्लंडमधल्या कारागिरांना रूळ नव्याने घडवावे लागले, आणि त्यानंतरच हरिकेन पुन्हा उडवणे शक्य झाले. आर४११८ सुद्धा सफोकच्या अशाच एका कार्यशाळेत उभे राहिले.

आराखड्यांच्या सूक्ष्मपटांचा (मायक्रोफिल्मचा) मोठा साठा हेंडनच्या संग्रहालयात आहे. मापे इंचात, आटे बीएसएफ आणि बीए या जुन्या ब्रिटिश जातींचे. आजचा मिलिमीटरचा पाना त्या नटाला जवळजवळ बसतो, आणि तो 'जवळजवळ'च नटाचे कोपरे खातो. आपल्याकडे याबाबतीत एक ठेवा अजून शिल्लक आहे: गिरणीत किंवा रेल्वेच्या कारखान्यात हयात घालवलेला जुना फिटर. तो अजून सुतात बोलतो, दोन सूत म्हणजे पाव इंच हे त्याच्या बोटांना माहीत असते, आणि व्हिटवर्थ व बीएसएफ आट्यांतला फरक तो नखाने सांगतो. नाशिकजवळ ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले पत्राकाम करणारे लोक आहेत. रिव्हेट मारताना मागे लोखंडी ठोकळा किती दाबून धरायचा, हे त्यांच्याकडून एका दुपारात जितके कळते तितके महिनाभर वाचून कळत नाही. त्यांच्याकडे जाताना वही न्या आणि त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.

प्रत्यक्ष विमान पाहायचे असेल तर दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात हरिकेन, स्पिटफायर आणि टेम्पेस्ट एकाच छताखाली आहेत. चित्र पाहून काम करणाऱ्याने एकदा तरी तिथे अर्धा दिवस नुसते उभे राहावे. धडाची गोलाई फोटोत कधीच कळत नाही.

रंग सर्वांत शेवटी

रंग देण्याची घाई फार होते. ते इजिप्तमधले किटीहॉक पुढे अल अलामीनच्या संग्रहालयात ठेवले, तेव्हा ते भडक रंगवून ठेवले होते, आणि वाळवंटाने सत्तर वर्षे जपलेला मूळ रंग त्याखाली गेला. कोणत्या दिवशीचे विमान दाखवायचे हे आधी ठरवा, महिना-वर्षासकट. मग त्या दिवसाचा पुरावा जमवा. पुरावा नसलेली जागा कोरी ठेवा, किंवा फक्त अस्तराचा रंग द्या आणि बाजूच्या पाटीवर तसे लिहा. आर४११८ वर पुन्हा 'यूपी-डब्ल्यू' रंगवले, ते त्याच्या ६०५ स्क्वाड्रनमधल्या दिवसांच्या नोंदी हाताशी होत्या म्हणून.

फाइल

पहिल्या दिवसापासून एकच फाइल ठेवा आणि तिच्या पहिल्या पानावर फक्त नंबर लिहा. प्रत्येक विधानापुढे ते कुठल्या कागदावरून घेतले ते लिहा. ऐकीव असेल तर कोणाकडून, कधी. चुकीच्या ठरलेल्या वाटाही फाइलमध्ये राहू द्या, नाहीतर पाच वर्षांनी दुसरा कोणी त्याच वाटेने पुन्हा चालत जाईल. काम एका टप्प्यावर आले की तीन प्रती करा. एक वैमानिकाच्या कुटुंबाला, एक त्या देशातल्या संग्रहालयाला, आणि एक जिथे विमान सापडले तिथल्या शाळेला किंवा वाचनालयाला. तिसरी प्रत तिथल्या लोकांच्या भाषेत द्या. आजोबांनी जी बखर सांगितली होती तिच्यातला कुठला भाग खरा निघाला, हे त्यांच्या नातवंडांना तिथे वाचता येईल.